अभिनय आणि शब्दखेळांतून मुलांची भाषा: गावच्या शाळेत नेमकं काय करायचं?

काठावरची_शाळा

यवतमाळ जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट २५ च्या आसपास. मुलं मैदानात एकमेकांना ऐकू देत नाहीत, पण वर्गात उभं केलं की "हो सर", "नाही सर", संपलं. धडा वाचतात. पाहिलेली गोष्ट सलग चार वाक्यांत सांगा म्हटलं की गाडी अडते. काहींच्या घरी कोलामी, काहींच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली), बाकी वऱ्हाडी.

परिपाठानंतरची २० मिनिटं हाताशी आहेत. एक खोली, एक व्हरांडा, खर्चाला पैसे नाहीत. कोणते खेळ, कोणत्या क्रमाने आणि ते कुठे फसतात, एवढं सांगा. "सर्वांगीण विकास होतो" हे नका सांगू, ते परिपत्रकात भरपूर आहे.

खडी_गंमत

आधी काय करू नये ते सांगतो. २६ जानेवारीला बसवतो तसं नाटक बसवू नका. पाठ केलेल्या संवादात मुलाला वाक्य तयार करावं लागत नाही. ते दुसऱ्याचं वाक्य वाहून नेतं आणि समोरच्याने एक शब्द बदलला की जागीच थिजतं. भाषा वाढवायची तर मुलाला वाक्याची गरज पडली पाहिजे आणि ते वाक्य आधी कुणी दिलेलं नसावं. गुजरातेत शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका १९२० च्या दशकात हेच सांगत होते: गोष्ट ऐकवा, मग मुलांना आपल्या शब्दांत करू द्या, संहिता नको.

सुरुवात गोठलेल्या चित्राने करा. ५-५ चे गट. प्रत्येक गटाला एकच प्रसंग, उदाहरणार्थ "बंडीचं चाक चिखलात रुतलं". दोन मिनिटं ठरवायला, मग पुतळ्यासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही. लाजरं पोरगंही इथे येतं, कारण चुकण्यासारखं काही नसतं. आता तुम्ही एकेकाच्या खांद्याला हात लावा. हात लागला त्याने त्या पात्राच्या मनात काय चाललंय ते एका वाक्यात सांगायचं. पहिल्या फेरीत "चाक फसलं" एवढंच येईल, येऊ द्या. दुसऱ्या फेरीत एकच प्रश्न, "मग आता?" तिसरीत बैलाच्या खांद्याला हात लावा. बैलाला बोलायला लावलं की वाक्यं लांब होतात, कारण बैल काय म्हणतो हे कुणालाच ठाऊक नसतं आणि त्यामुळे चुकीचं उत्तरही नसतं.

हे जमलं की तीन चित्रं: आधी, अडचण, नंतर. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना तुम्ही पाच टाळ्या मोजायच्या. ही तीन चित्रं म्हणजेच परिच्छेदाचा सांगाडा, पण हे मुलांना सांगत बसू नका.

वेळेची वाटणी ढोबळ ठेवा. तीन-चार मिनिटं अंग मोकळं करायला, १० मिनिटं मुख्य खेळ, उरलेल्या वेळात एखाद-दोन गटांचं सादरीकरण. रोज सगळ्या गटांना सादर करू देण्याचा मोह टाळा. बघणारी २० पोरं कंटाळली की गोंधळ होतो, आणि मग "खेळाने शिस्त बिघडते" असं आपणच म्हणतो.

शब्दांची_पायली

शब्दखेळांबद्दल. अंताक्षरी सगळे घेतात, पण मराठीत ती जशीच्या तशी घेतली की दोन मिनिटांत अडते. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, आणि मुलं पाणी, शाळा, केळं, बाळ हेच शब्द पहिले काढतात. नियम आधीच ठरवा. शेवटी ण किंवा ळ आला तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं. पाणी आलं तर "पा", शाळा आली तर "शा". जोडाक्षर आलं तर शेवटचं व्यंजन: रस्ता, मग "ता". पहिला महिना मात्रा सोडून नुसतं व्यंजन चालू द्या. "गाडी" वर "डी" मागितली तर मोठ्यांनाही घाम फुटतो, "ड" मागितला तर डबा, डोंगर, डवरा, डोकं, सगळं निघतं.

गंमत अशी की वऱ्हाडी पोरगं "पानी" म्हणतं आणि सरळ "नी" वर उडी मारतं. तिथे "पाणी म्हण" म्हणून अडवू नका, खेळाचा वेग जातो.

दुसरं, टाळ्यांचा खेळ. शब्द म्हणायचा आणि त्याचे तुकडे टाळीने मोजायचे. इथे बऱ्याच शिक्षकांचा घोळ होतो. "कमळ" लिहिताना तीन अक्षरं, पण तोंडाने "क-मळ", दोनच तुकडे. "बैल" पाटीवर दोन, तोंडात एक. मूल कमळला दोन टाळ्या वाजवतं ते बरोबर ऐकून वाजवतं, आणि आपण त्याला चूक म्हणतो. म्हणून दोन वेगळे खेळ करा. टाळी म्हणजे तोंडाचा तुकडा, बोट म्हणजे पाटीवरचं अक्षर. एकच शब्द आधी टाळ्यांनी, मग बोटांनी. जिथे दोन्हींचा आकडा जुळत नाही ते शब्द फळ्याच्या एका बाजूला साठवत जा. जोडाक्षर आणि शेवटचं अक्षर लिहिताना मुलं जे गाळतात त्याचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं.

तिसरा, नाव-गाव-फळ-फूल. खाने बदला: पीक, अवजार, भाजी, आवाज, काम. "आवाज" मध्ये खळखळ, सळसळ, फडफड. "काम" मध्ये वेचणे, डवरणे, पाखडणे. गुण नेहमीचेच, दुसऱ्या कुणाकडे नसलेला शब्द १०, सारखा आला तर ५. सुरुवात क, म, प, स, ब, त, ग, व यांनी. ढ, ठ, घ नंतर, आणि ते आले की गटात सोडवू द्या. पहिली-दुसरीच्या मुलांना लिहायला लावू नका. त्यांनी सांगायचं, चौथीच्या मुलाने लिहायचं. दोघांचाही अभ्यास होतो.

आणि एक ठाम मत. "बाद" ठेवू नका. ज्या मुलाला शब्द लवकर सुचत नाही ते पहिल्या मिनिटाला बाद होतं आणि उरलेली नऊ मिनिटं बघत बसतं. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी सराव.

पोळ्याचा_नंदी

बाद नाही तर मजा काय राहिली? पोट्टे हारजीत असली तरच जीव तोडून खेळतात.

शब्दांची_पायली

हारजीत ठेवा, पण वर्गाची घड्याळाशी. काल ३ मिनिटांत साखळी किती शब्दांची झाली, आज किती, तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात. ज्याला सुचलं नाही त्याला दोन वाटा द्या: शेजाऱ्याला कानात विचारायचं, नाहीतर पुढचं अक्षर निवडायचा मान घ्यायचा. साखळी तुटत नाही, पोरगंही आत राहतं.

मेळघाट_वळण

धारणी-चिखलदऱ्याकडचा मुद्दा मांडते, पण कोलामी आणि गोरमाटी मुलांनाही तो लागू होईल.

घरी मराठी नसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी "बोल" म्हणणं हा सगळ्यात मोठा घोळ. आमच्याकडची कोरकू भाषा मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडा गटातली. कोलामी आणि गोंडी द्राविडी. गोरमाटी मराठीच्या जवळची, पण तीही वेगळीच. म्हणजे मूल शब्द बदलत नसतं, वाक्याची सगळी घडण नव्याने बसवत असतं. त्याला आधी ऐकायला वेळ हवा.

पहिले दोन-तीन आठवडे हुकुमाचा खेळ. तुम्ही म्हणता आणि स्वतः करता: उठ, बस, वळ, उचल, ठेव, दे, घे. मुलांनी फक्त करायचं, बोलायचं नाही. अमेरिकेत जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर भाषा शिकवण्याची पद्धत मांडली. कृती आणि शब्द एकत्र आले की अर्थ सांगायला भाषांतर लागत नाही. एका दिवशी पाचहून जास्त नवी क्रियापदं नकोत. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही करणं थांबवा, नुसतं म्हणा. मुलं शेजाऱ्याकडे बघून करतात, बघू द्या. मग जोडहुकूम: "डबा उचल आणि खिडकीत ठेव." मग फसवे हुकूम: "डब्याला खिडकीत बसव." मुलं हसली म्हणजे समजलं. त्यानंतर हुकूम देणारं मूल बदला. तोंड उघडतं ते इथे, कारण वीस जणांना नाचवायचा अधिकार कोण सोडेल?

लिंगासाठी खोलीचे तीन कोपरे: तो, ती, ते. वस्तूचं नाव आलं की धावत त्या कोपऱ्यात. दगड, माती, झाड. बैल, गाय, वासरू. नुसतं धावून थांबवू नका, कोपऱ्यात पोचल्यावर विशेषणासकट म्हणायचं: मोठा दगड, काळी माती, हिरवं झाड. मराठीतली ही तीन लिंगांची वाटणी मुलाच्या भाषेत नसते आणि नियम सांगून ती बसत नाही. कान भरावे लागतात. दगड-मातीसारखे रोजचेच शब्द घ्या. जिथे घरोघरी लिंग बदलतं ते शब्द या खेळात आणू नका, मोठ्यांचंच भांडण लागतं.

आठवड्यातून एकदा पाटी उलटवा. मुलाने आपल्या भाषेत हुकूम द्यायचे, गुरुजींनी करायचे. गुरुजी चुकले की वर्गाचा जीव भांड्यात पडतो.

शुद्ध_लेखणी

सगळं छान आहे, पण कुणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे. "मले", "तुले", "काऊन" चालू दिलं तर ते उत्तरपत्रिकेत उतरतं. पुढे स्पर्धा परीक्षेला याच मुलांचे गुण जातात. अभिनयाच्या नावाखाली बोली पक्की करायची की प्रमाण मराठी शिकवायची?

वऱ्हाडी_पाटी

दोन्ही. पण दोन्ही एकाच वाक्यात नाही. मूल अर्धं वाक्य बोललं की आपण "मले नाही, मला" म्हणून टोकतो, तेव्हा ते "मला" शिकत नाही, गप्प बसायला शिकतं. तुम्ही विचारलेल्या अडचणीवर अभिनयातच एक जागा आहे.

खडूने जमिनीवर रेघ मारा. रेघेच्या अलीकडे घर, पलीकडे बँक, तहसील नाहीतर तालुक्याचा दवाखाना. मूल अलीकडे उभं राहून आजीशी बोलतं: "आजी, तुह्या गोळ्या सरल्या, मी आनाले चाललो." रेघ ओलांडली की तोच निरोप डॉक्टरांना: "आजीच्या गोळ्या संपल्या आहेत, त्या न्यायला आलो आहे." तिसरा मुलगा रेघेवर उभा, तो पंच. अलीकडे पुस्तकी बोललं तरी पंच हात वर करतो, पलीकडे घरचं बोललं तरी. हे महत्त्वाचं आहे. एकाच बाजूची चूक धरली तर खेळाचा पुन्हा शुद्धलेखनाचा तास होतो. आईशी "मी गोळ्या आणण्यासाठी प्रस्थान करतो" म्हणणारं पोरगंही चुकतंच की!

सोबत जोडीच्या शब्दांचे पत्ते. एकावर सांभार, दुसऱ्यावर कोथिंबीर. गंज आणि पातेलं, सराटा आणि उलथणं, कोपर आणि परात, बंडी आणि बैलगाडी. २० जोड्या म्हणजे ४० पत्ते, सगळे पालथे. दोन उचलायचे, जोडी जुळली तर दोन वाक्यं करायची, एक घरचं, एक पुस्तकाचं. वाक्य न करता पत्ते घेऊ देऊ नका, नाहीतर तो नुसता स्मरणाचा खेळ होतो. शब्द मुलांकडूनच गोळा करा. तुमच्या दोन गावांतही ते वेगळे निघतील.

शुद्ध_लेखणी

रेघेवरचा पंच पटला. मात्र चौथीला लेखनात "न-ण" आणि "ळ" यांचा वेगळा सराव लागेलच, तो खेळाने होणार नाही.

वऱ्हाडी_पाटी

लागेल. "डोया" म्हणणारं मूल "डोळा" वाचू शकतं, लिहिताना अडतं. तो सराव वेगळा, वेळ वेगळी. त्यावर दुमत नाही.

बांधीकाठ

भंडारा-गोंदियाकडून. आपल्याकडे तयार पडलेलं साहित्य सोडून आपण बाहेरचे खेळ शोधतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, पोळ्याच्या झडत्या. दोन-चार यमकदार ओळी, शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". तान्हा पोळा मुलांचाच, तेव्हा श्रावणात हा खेळ आपसूक रंगतो. करायचं असं: झडती लिहा असं सांगायचं नाही. आधी फळ्यावर यमकाचं घर भरायचं. वारा, चारा, धारा, गारा, तारा, पारा, सारा, फवारा. किमान आठ शब्द जमेपर्यंत ओळ करू द्यायची नाही. मूल पहिली ओळ भलत्याच शब्दावर संपवतं आणि दुसरीत यमक न मिळाल्यामुळे अडतं. घर आधी भरलेलं असलं की शेवट हातात असतो, त्याच्यापर्यंत पोचायचं तेवढं बाकी राहतं. नमुना म्हणून:

आला आला वारा, संगं आनल्या गारा,
तूर झोपली आडवी, आता बैलाले काय चारा?

प्रत्येक ओळीवर चार टाळ्या बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर शब्द काढायचा की घालायचा हे मुलं टाळी वाजवूनच ठरवतात, मात्रा मोजायला नको. एक सावधगिरी: मोठ्यांच्या झडत्यांत टोमणे असतात, मुलं तेच उचलतात. माणसाचं नाव, जात, व्यंग नाही. पाऊस, माकड, डास, लाइन जाणं यांच्यावर हवं तेवढं तोंडसुख घ्या.

दोन, भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गाणी झाली की मुली डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात. हा शब्दांचा इतका चांगला खेळ आहे की वर्गात वर्षभर चालावा. झाकणाच्या डब्यात एक वस्तू: फुटाणे, चिंच, मुरमुरे, गूळ, सरकी. वाजवा, वास द्या, दाखवू नका. मुलांनी हो-नाही असंच उत्तर येणारे प्रश्न विचारायचे, एकूण १०. पहिले दोन दिवस मुलं थेट नावंच टाकतात, "फुटाने का?", "शेंगदाने का?", आणि दहा प्रश्न वाया घालवतात. तेव्हा अट घाला: पहिले सहा प्रश्न गुणांचेच. मग कुरकुरीत, चिवट, तुरट, आंबूस, ओशट, खरबरीत हे शब्द तोंडात येऊ लागतात. मुलींचा खेळ म्हणून पोरं आधी नाक मुरडतात, डब्यात गूळ असला की येतात.

इकडची मुलं दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बघतात आणि वर्गात तो खर्जातला आवाज काढतात. आवाज पोचवायचं कसब म्हणून त्याचा उपयोग करून घ्या. फक्त वाक्य त्यांचं स्वतःचं हवं, पाहिलेल्या खलनायकाचं नाही.

पोळ्याचा_नंदी

झडतीचं घर आधी भरायचं हे झकास. उद्याच करतो.

खडी_गंमत

आता मुख्य गोष्ट, जिच्याबद्दल धागाकर्त्याने विचारलं: सलग सांगता न येणं. मुलांचं सांगणं ऐका. "मंग आम्ही गेलो, मंग पानी आलं, मंग पयालो." सगळी वाक्यं एका मंगवर टांगलेली. घटना आहेत, दुवे नाहीत. त्यासाठी दुव्यांचे पत्ते करा: पण, म्हणून, कारण, तरी, नाहीतर, तेवढ्यात. सहा मुलं गोलात, प्रत्येकाकडे एक पत्ता. पहिलं वाक्य तुम्ही द्या: "सदाची बकरी सुटली." पुढचं मूल आपल्या पत्त्यावरचा शब्द वापरूनच वाक्य जोडतं आणि बोलता बोलता ते करून दाखवतं. करून दाखवणं वगळू नका. "तरी" म्हणजे काय हे सांगून कळत नाही. बकरीला ओढून दमलेलं, तरी ओढणारं पोरगं पाहिलं की कळतं.

"पण" आणि "म्हणून" पहिल्या आठवड्यात, "कारण" दुसऱ्यात, "तरी" आणि "नाहीतर" सगळ्यात शेवटी. "कारण" मागे पाहायला लावतं, म्हणून जड जातं. मुलं "कारण" म्हणून पुढचीच घटना सांगतात: "बकरी सुटली कारण ती शेतात गेली." तेव्हा चूक म्हणू नका. ते जसं म्हटलंय तसं करून दाखवायला सांगा. आधी काय झालं हे अंगाने करताना त्यांनाच उलगडतं.

याला जोडून अडचणीचे प्रसंग. दोन पत्ते, दोघांना एकमेकांचा पत्ता माहीत नाही. प्रवाशाच्या पत्त्यावर: "दारव्ह्याला जायचं आहे, जवळ ५०० ची एकच नोट आहे." कंडक्टरच्या पत्त्यावर: "ही गाडी नेरला जाते, सुट्टे नाहीत." किंवा कृषी केंद्रात बियाण्याची पिशवी फाटलेली निघाली आणि पावती घरी राहिली. दोघांनाही सगळं माहीत असलं तर विचारायला काही उरत नाही आणि प्रसंग "नमस्कार, कसे आहात" वर संपतो.

तिसरी युक्ती इंग्लंडच्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांची: शिक्षकाने स्वतः पात्र व्हायचं. दुपट्टा खांद्यावर टाकला की तुम्ही वाट चुकलेले पाहुणे, काढला की गुरुजी. पाहुण्याला गावातलं काहीच ठाऊक नाही, त्याला पाणंदीने टाकीपर्यंत कसं जायचं ते सांगावं लागतं. "तिकडून जा" म्हटलं की पाहुणा भिंतीला जाऊन धडकतो. दिशा, अंतर, खुणा आपोआप येतात. गुरुजीला माहीत असलेली गोष्ट गुरुजीलाच सांगायची ही वर्गातली खोटी कसरत इथे संपते.

मेळघाट_वळण

यात एक भर. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, प्रत्यक्षात फार लांब असतात. पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजा.

अर्धा_मुखवटा

न बोलणाऱ्या मुलांसाठी पायऱ्या हव्यात, एकदम उडी नको. आधी समूहस्वर: सगळे मिळून पाऊस करायचा. दोन बोटांनी तळहातावर टपटप, मांड्यांवर थाप, मग टिनावरचा आवाज, मग हळूहळू उतरत थेंब. त्यात शब्द पेरा: रिपरिप, रिमझिम, धो धो, सर. मग तोंड फिरवून बोलणं, मग बाहुली, मग मुखवटा, आणि सगळ्यात शेवटी उघडा चेहरा.

मुखवटा नाकापर्यंतच करा. जुन्या वहीचा पुठ्ठा, डोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याएवढी, खालची कड ओठाच्या वर. पूर्ण मुखवट्यात आवाज कोंडतो, कुणालाच ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून मूल चिडतं. सावलीचा खेळ करायचा तर पांढरं धोतर ताणून बांधा. बाहुली कापडाला जवळजवळ चिकटून, टॉर्च तिच्या मागे पाच-सहा फुटांवर. बाहुली टॉर्चकडे सरकली की सावली मोठी पण फिकट होते.

अडखळत बोलणाऱ्या मुलाचं वाक्य पुरं करून देऊ नका आणि "सावकाश बोल" असंही म्हणू नका. समूहात आणि तालावर अशी मुलं बरेचदा सहज बोलतात, तिथून सुरू करा. हे काही उपचार नव्हेत. अडखळणं टिकून असेल तर वाचा उपचार तज्ज्ञाला दाखवायला हवंच.

व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांसाठी घडवलेल्या नाट्यखेळांत अर्थहीन बोलीचा एक खेळ आहे. एकजण अगम्य भाषेत भाषण देतो, दुसरा त्याचं "भाषांतर" करतो. शब्दांचा धाक जातो, हावभाव मोकळे होतात. पण तुमच्या वर्गात कोलामी मुलं आहेत. अगम्य बोली म्हणजे कोलामीची नक्कल होऊ लागली तर खेळ तिथेच थांबवा. त्याऐवजी नुसते आकडे बोलायला सांगा: "सात! बारा बारा... चाळीस?" काम तेच होतं.

धुऱ्यावरची_तूर

एक नाजूक गोष्ट कुणी काढली नाही. प्रसंग मोकळा सोडला की मुलं घरचं आणतात. दारू, सावकार, भांडण, कधी त्याहून वाईट. आपल्या भागात हे होणारच. आधी ठरवून ठेवा: त्या क्षणी हसायचं नाही, दटावायचं नाही, "हे कुठे पाहिलं" असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही. प्रसंगाला दुसरं पात्र द्या. "आता शेजारची आजी आली, ती काय म्हणेल?" एवढ्याने तो पुढे सरकतो. तो प्रसंग सादरीकरणासाठी निवडू नका आणि मोबाइलवर घेऊ नका. नंतर त्या मुलाशी एकट्याने बोला. मारहाण किंवा त्याहून गंभीर काही दिसलं तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे.

भूमिकांच्या वाटपाकडेही लक्ष असू द्या. मुलीला आई, मुलाला पाटील, हे आपोआप होतं. चिठ्ठ्या टाका. ट्रॅक्टरवाली मुलगी आणि भाकरी थापणारा मुलगा आला की दोघांनाही नवे शब्द लागतात. नाहीतर कणीक, पीठ, परथन यांचा सराव एकीलाच होतो.

शब्दांची_पायली

लेखनाशी जोडायचं तर एकाच वाक्यावर जोर बदलायचा खेळ घ्या. "मी काल बाजारातून गूळ आणला." पाच शब्द. एक मूल एकाच शब्दावर जोर देऊन म्हणतं, दुसऱ्याने ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते ओळखायचं. "मी" वर जोर म्हणजे "कोणी आणला?", "काल" वर म्हणजे "केव्हा?", "आणला" वर म्हणजे "आणला की नाही?" पाच जोर, पाच प्रश्न. परीक्षेतले प्रश्न न समजणाऱ्या चौथीच्या मुलांसाठी यासारखा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही. मग विरामचिन्हं: एक मूल वाचतं, बाकीचे स्वल्पविरामाला चुटकी, पूर्णविरामाला पाय आपटणं, प्रश्नचिन्हाला भुवया वर.

प्रगती मोजायला गुण नकोत. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं एक मिनिटाचं सांगणं फोनवर घ्या आणि दोनच गोष्टी मोजा: वेगळी क्रियापदं किती, आणि मंग सोडून दुवे किती. रोज सहा मुलं घेतली तर एका आठवड्यात पट पुरा होतो.

काठावरची_शाळा

सगळं उतरवून घेतलं. दोन शंका. पहिलीची मुलं या सगळ्यात मागे पडतील का? आणि पत्ते पावसाळ्यात टिकत नाहीत, ओल आली की स्केचपेनची शाई पसरते.

खडी_गंमत

पहिलीची मुलं वेगळी काढू नका. प्रत्येक गटात एक पहिलीचं, एक चौथीचं हवंच. दुव्यांच्या पत्त्यांत पहिलीच्या मुलाला "तेवढ्यात" द्या. त्याला फक्त काहीतरी अचानक घडवायचं असतं, आणि त्यात ती मोठ्यांना हरवतात. लिखाणाच्या खेळांत ती सांगणार, मोठी लिहिणार.

अर्धा_मुखवटा

पत्त्यांसाठी वहीचा पुठ्ठा, साधारण तळहाताएवढा. अक्षर तीन बोटं उंच, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाही. स्केचपेनऐवजी मार्कर घ्या. शाई पूर्ण वाळली की वरून पांढरी मेणबत्ती घासा, दोन्ही बाजूंनी, कडांवर जास्त, कारण ओल कडेनेच शिरते. पत्ते रबराने बांधून बंद झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले ठेवले तर बुरशी येते. आणि एक कोरा गठ्ठा जवळ असू द्या, मुलं रोज नवा शब्द आणतात.